उस्तादांची मराठी

उस्ताद माणसाच्या तोंडाकडं बघत नसत, पायाकडं बघत. भरती होऊन आम्ही चाळीस जण पहिल्यांदा कवायतीच्या मैदानावर उभे राहिलो, तेव्हा एक किरकोळ अंगाचा, पन्नाशीकडं झुकलेला माणूस मान खाली घालून आमच्या रांगेपुढून चालत गेला. मला वाटलं, याचं काहीतरी पडलंय आणि हा ते शोधतोय. रांगेच्या टोकाला जाऊन तो परत आला आणि त्यानं तोंड उघडलं. पुढच्या नऊ महिन्यांत त्या आवाजानं आमची झोप, भूक आणि घरची आठवण, तिन्ही उडवल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकदा ‘थम’ असा हुकूम दिला, तर बाहेरच्या रस्त्यानं चाललेला टांगाही थांबला. टांगेवाला खाली उतरून फाटकाशी आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आवाज टिकावा म्हणून ते गालात ज्येष्ठमधाची काडी धरत. त्यावरून आम्ही त्यांना मागं ‘ज्येष्ठमध’ म्हणायचो. ते आम्हाला गावाच्या नावानं हाक मारत. मी वैजापूरकडचा, म्हणून वैजापूर. एक सिल्लोड होता, एक गंगापूर. माझ्या बाजूच्या खाटेवर दौलताबाद होता. खरी नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. ‘नाव माँ-बाप रखते, पाव अपना अपना रहता,’ असं ते म्हणत. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाही, हे त्यांचं दुसरं म्हणणं.

माझं डावं-उजवं पक्कं नव्हतं. हुकूम झाला की एकोणचाळीस जण एका बाजूला वळायचे आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. उस्तादांनी माझ्या डाव्या पायाला लाल चिंधी बांधली आणि महिनाभर सोडू दिली नाही. सणाला कुणाच्या घरून नातेवाईक भेटायला आले की ती चिंधी बघून हसायचे. मला रोज वाटायचं, आता हे मला घरी पाठवणार. गावाकडं वडिलांनी पोरगा पोलिसात लागला म्हणून सगळीकडं सांगून ठेवलं होतं. परत जायला तोंड नव्हतं.

उस्ताद पूर्वी निजामाच्या फौजेत होते. पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली, तेव्हा त्यांच्याबरोबरचे पुष्कळ लोक घरी बसले. दोघं भाऊ हैदराबादला गेले, तेही यांना बोलवत होते. हे इथंच राहिले. नव्या पोलीस खात्याला कवायत शिकवणारी माणसं हवी होती, त्यात यांना घेतलं. टोपी बदलली, बिल्ला बदलला, हुकमाचे शब्द बदलले, आणि काम तेच राहिलं. हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या नऊ महिन्यांत या माणसाला घरदार असेल, असा विचारही आमच्या मनात आला नव्हता.

आता दौलताबादची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

खंदकावरून उडी मारताना तो पडला. गुडघा सुजला. त्यानं दोन दिवस माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी खाटेवर बसून तो पाय दाबायचा, आणि मी खानावळीच्या आचाऱ्याकडून हळद मागून आणून त्याला लेप लावायचो. गुडघा फुगून टरबुजासारखा झाला होता, हात लावला तर गरम लागायचा. तिसऱ्या दिवशी पळायची पाळी आली तेव्हा त्यानं उस्तादांना सांगितलं, गुडघा दुखतोय, पळता यायचं नाही.

त्याच आठवड्यात दोन पोरांनी खोटं दुखणं सांगून परेड चुकवली होती आणि गावात सिनेमाला गेलेली सापडली होती. उस्ताद तापलेलेच होते. त्या दिवशी त्यांनी दौलताबादच्या पायाकडं पाहिलं नाही, तोंडाकडं पाहिलं. ‘बहाना,’ म्हणाले. मग रांगेकडं वळून त्यांनी विचारलं, ‘किसीने देखा इसका घुटना? देखा तो एक कदम आगे आव.’

एक पाऊल पुढं टाकायचं होतं. माझ्या बोटांवर हळदीचे डाग होते. मी मूठ आवळली. जो पुढं येईल तोही पळेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला तर वाटत होतं की उस्ताद माझं नाव कमी करायला निमित्तच शोधतायत. माझा पाय उचलला गेला नाही. दौलताबादनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान वळवली.

बंदूक डोक्यावर धरून मैदानाला पाच फेऱ्या, अशी शिक्षा झाली. तिसऱ्या फेरीत तो कोसळला. तीन आठवडे दवाखान्यात होता, मग नोकरीला अपात्र ठरवून त्याला घरी पाठवलं. त्याची पत्र्याची पेटी न्यायला त्याचे वडील आले होते. पेटी मीच फाटकापर्यंत उचलून दिली. म्हातारा मला म्हणाला, ‘लई उपकार झाले बाबा.’

उस्ताद दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे मैदानावर आले. 

नऊ महिने संपले. माझं अक्षर बरं होतं म्हणून मला शहरातच, कचेरीत कागदांच्या कामाला ठेवलं. मग उस्ताद मला रस्त्यात दिसू लागले आणि हा माणूस साधासुधा नाही हे तेव्हा कळायला लागलं. ते कुणाबरोबरही चालले तरी त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत. शेजारचा लंगडत असेल तरी जुळवत. अंतर सांगायचं तर कदमात सांगत. भडकल दरवाजापासून त्यांचं घर सातशे बारा कदम, पोस्ट अकराशे. कुणी मैल सांगितला की त्यांना पटायचं नाही. एकदा शहागंजात एक वरात चालली होती. बॅंडवाले वाजवतायत एक आणि चालतायत भलतंच. उस्तादांना ते सहन झालं नाही. वरात थांबवून त्यांनी बॅंडवाल्यांना रांगेत उभं केलं, ताल आणि पाऊल जुळवून घेतलं, दोनदा पुढं-मागं चालवून बघितलं, मगच सोडलं. नवरदेव घोड्यावर बसून वाट बघत होता. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे कुणी वडीलधारे असतील, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. कुणीच काही बोललं नाही.

पुढं महाराष्ट्र झाला आणि कचेरीतला कागद न् कागद मराठीत आला. ज्यांचं शिक्षण उर्दूत झालं होतं त्यांना मराठीची परीक्षा द्यावी लागणार होती. दोन वर्षांची मुदत होती. त्यात पास न होणाऱ्याला कवायतीवरून काढून कोठाराच्या पहाऱ्यावर बसवतील, अशी बोलवा होती. उस्ताद पहिल्याच खेपेला बसले आणि सपशेल नापास झाले. त्यांना मराठी बोललेलं सगळं कळे, लिहिता मात्र एक अक्षर येत नव्हतं.

एक दिवस ते कचेरीत माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. मी सवयीनं ताडकन उठलो.

‘बैठ रे,’ म्हणाले. ‘तेरेकू उर्दू आती ना?’

निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू शिकावीच लागे, त्यामुळं मला बऱ्यापैकी वाचता येत होती. मी हो म्हणालो.

‘फिर मेरेकू मराठी सिखा. बोलने की नहीं. लिखने की.’

मला ते नको होतं. पण नाही म्हणायची हिंमत तेव्हाही नव्हती.

दर रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. दोन खोल्या आणि पुढं अंगण. पहिल्या दिवशी गेलो तर उस्ताद चष्मा लावून सुपात तांदूळ निवडत बसले होते. त्यांची बायको आतून बोलली, ‘बूट आँगन में निकालने को बोलो बच्चे को, और तुम्हारे भी वहींच रखो.’ ज्या माणसाच्या आवाजानं चाळीस पोरं थरथरत, तो निमूट उठला आणि आपले बूट उचलून अंगणात ठेवून आला. त्या घरात हुकूम बायकोचा चाले. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली होती. मावशी मला दर रविवारी काहीतरी खायला घालत आणि माझी आई कशी आहे विचारत. उस्तादांनी तुमचे हाल केले असतील ना, असंही एकदा विचारलं. मी काही नाही म्हणालो. उस्ताद पाटीकडं बघत होते.

शिकवणी सोपी नव्हती. जन्मभर उजवीकडून डावीकडं लिहिलेला हात. अक्षर काढायच्या आधी ते पट्टी घेऊन वरची रेघ सरळ ओढत, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत. मी म्हणायचो, आधी अक्षर काढायचं, रेघ नंतर द्यायची. ते म्हणत, ‘पहले लाइन, फिर जवान.’ ते शेवटपर्यंत तसंच लिहीत राहिले. ‘ळ’ त्यांच्या तोंडात बसला नाही, म्हणून वहीतही बसला नाही. शाळा नेहमी शाला आणि केळी नेहमी केली. चुकलं की ते स्वतःवर चिडत, माझ्यावर कधी नाही. मी एकदा रागानं मोठ्यानं बोललो तर ते शांतपणे म्हणाले, ‘ओरडू नको. मी शिकतोय ना.’ मला पायातली चिंधी आठवली.

सरावासाठी काय लिहावं असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ट्रंकेतून जुन्या वह्या काढल्या. उर्दूत लिहिलेल्या. दरवर्षीच्या प्रत्येक रंगरूटाचं एक पान. हे मराठीत करू, म्हणाले. मी वाचायचो, दोघं मिळून शब्द शोधायचो आणि ते लिहायचे.

त्या वह्या वाचताना मला हा माणूस पहिल्यांदा दिसला. सिल्लोडच्या पानावर होतं, घरचं पत्र आलं की हा दोन दिवस जेवत नाही, पत्र सकाळी देऊ नये, परेड झाल्यावर द्यावं. गंगापूरच्या पानावर होतं, याच्याकडं कपड्यांचा एकच जोड आहे, धुण्याच्या दिवशी याला मैदानावर बोलवू नये. आणि खरंच, गंगापूरला दर बुधवारी भांडारात मोजदादीला पाठवत, ते का, हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. माझं पान आलं. डावं-उजवं उलटं. बूट लहान, टाचेला फोड, सांगत नाही. भांडारातून एक नंबर मोठा घेऊन ठेवला. मला आठवलं, एका सकाळी खाटेखाली नवे बूट होते, आणि मी ते भांडारवाल्याची चूक समजून गुपचूप घातले होते. खाली एक ओळ होती: ‘भित्रा नाही, पण भितो.’

दौलताबादचं पान आलं तेव्हा उस्तादांनी त्यावर हात ठेवला. ‘ये अभी नक्को,’ म्हणाले आणि पान उलटलं.

सात-आठ महिन्यांनी ते परीक्षेला बसले आणि पास झाले. गुण जेमतेम होते. पुढं ते मैदानाचे अहवाल स्वतः लिहू लागले. पहिला अहवाल माझ्याच टेबलावर आला: ‘दोन रंगरूट उशिरा आले. कारण विचारले. कारण होते.’ साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

मला वाटलं शिकवणी संपली. पुढच्या रविवारी मी निरोप घ्यायला गेलो तर मावशी म्हणाल्या, हे आठवडाभर कागद फाडतायत. उस्ताद भिंतीकडं तोंड करून लिहीत बसले होते. मला बघू देत नव्हते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान न वळवता विचारलं, ‘चूक का चू छोटा या बडा?’

‘मोठा,’ मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं, कागद दुमडला आणि मला पत्ता शोधून द्यायला सांगितला. तेव्हा कळलं, पत्र दौलताबादला होतं. परीक्षेला आणखी बरीच मुदत होती, तरी ते घाई का करत होते, तेही तेव्हाच कळलं. मी म्हणालो, उस्ताद, मला सांगितलं असतं तर मी कधीच लिहून दिलं असतं.

‘माफी दूसरे के हात से नहीं लिखते,’ ते म्हणाले.

जुन्या यादीतून पत्ता काढून मी दिला. पत्र गेलं. एक महिना गेला, दोन गेले, उत्तर आलं नाही. उस्ताद रोज कचेरीत डोकावत, आणि मी मान हलवली की परत जात. अश्विनात एक दिवस ते म्हणाले, ‘चल. कल छुट्टी ले.’ मी कशाला, असं मी विचारणार होतो, पण रजेचा अर्ज लिहिला.

बसनं आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी उतरलो. गावात चौकशी करायची गरज पडली नाही. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सीताफळांचे ढीग लावून बायका-माणसं बसली होती, त्यात तो होता. जाड झाला होता. उजवा पाय सरळ पुढं पसरलेला, बाजूला काठी. त्यानं आम्हाला लांबूनच ओळखलं आणि काठी धरून उठू लागला.

‘उठू नका,’ उस्ताद म्हणाले. रंगरूटाला ‘तुम्ही’ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. ते त्याच्यापुढं रस्त्यावरच बसले. त्यांनी शब्द पाठ करून आणले असावेत, कारण ते एकेक शब्द मोजून मराठीत बोलले. ‘तुम्ही खरं बोलला होता. मी विश्वास ठेवला नाही. तुमचा पाय माझ्यामुळं गेला.’

गिऱ्हाईक आलं होतं. दौलताबादनं आधी त्याला सीताफळं दिली, ते गेल्यावर बोलला. ‘पत्र मिळालं, उस्ताद. चार-पाच डाव वाचलं. काय लिवावं, समजंना. राग होता, लई होता. बा होता तवर रोज शिव्या द्यायचा तुम्हाला. आता बा बी नाय.’ मग म्हणाला, ‘तुम्हाला खरंच वाटलं व्हतं मी खोटं बोलतोय. ते मला तवाच दिसलं.’

उस्तादांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि विचारलं, बघू का? त्यानं धोतर वर घेतलं. उस्तादांनी दोन्ही हातांनी तो गुडघा धरला, जरा वाकवून बघितला, वाकेना तेव्हा थांबले. हात काढला नाही. 

मला उभं राहवेना. मी म्हणालो, ‘मला ठाऊक होतं. मी लेप लावत होतो. मी पुढं यायला पाहिजे होतं.’

दौलताबादनं माझ्याकडं वर पाहिलं. आवाज चढवला नाही. ‘उस्तादाला म्हाईत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘तुला म्हाईत व्हतं.’

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. उस्तादांना त्यानं पिशवीभर सीताफळं दिली, पैसे घेतले नाहीत. मला काही दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

परतीच्या बसमध्ये उस्ताद खिडकीतून बाहेर बघत होते. मी विचारलं, तुम्हाला माझं माहीत होतं का? ते म्हणाले, बाजूची खाट तुझी होती, बोटं पिवळी होती, दुसऱ्या दिवशी दिसली. मग मला तेव्हा का काही बोलला नाहीत, असं मी विचारलं.

‘पूछा तो मैंनेच था,’ ते म्हणाले. ‘पूछने का तरीका ऐसा था के कोई बोलेगाच नहीं.’

थोड्या वेळानं मी म्हणालो, आता मी काय करू?

‘मैंने तुमको नौ महिने और क्या सिखाया?’ ते म्हणाले. ‘खडे रहना. जा, उसके सामने खडा रह.’

मी पुढच्या महिन्यात गेलो. तो गिऱ्हाईकं करत राहिला. मी ढिगापासून जरा लांब, रस्त्याकडेला उभा राहिलो, शेवटची बस यायच्या वेळेला परत आलो. उस्तादांनी काय झालं ते विचारलं नाही, किती वेळ उभा होतास एवढंच विचारलं. दुसऱ्या वर्षी हंगामात पुन्हा गेलो. तेच. आजूबाजूच्या बायका मला ओळखू लागल्या होत्या, एकीनं पाणी विचारलं, पण मी घेतलं नाही.

तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा ऊन कडक होतं. अर्धा दिवस गेल्यावर त्यानं बाजूचं पोतं काठीनं पुढं सारलं आणि ‘बस,’ म्हणाला. मी बसलो. दोन सीताफळं फोडून त्यानं एक माझ्यापुढं ठेवलं. गुडघ्याचा विषय कुणी काढला नाही. पिकाचं बोललो, पाण्याचं बोललो. मग त्यानं विचारलं, उस्ताद बरे आहेत ना? त्यांचं पत्र दर महिन्याला येतं, म्हणाला. मला हे ठाऊक नव्हतं. उस्तादांनी कधी सांगितलं नव्हतं.

‘दर पत्रात लई चुका असतात,’ तो म्हणाला. ‘तूच शिकवलं म्हणं त्यांना?’

मी हो म्हणालो.

‘मग जरा नीट शिकीव की,’ तो म्हणाला आणि पिशवी भरायला लागला.